कार्ड निगेटिव्ह, प्लेटलेट कमी : हिवतापाच्या रुग्णाचं रक्त कसं बघावं

खानापूर तालुक्यात छोटी लॅब चालवणाऱ्या एका तरुण तंत्रज्ञानं विचारलं आहे. गोव्यात बांधकामावर कामाला गेलेला एक माणूस थंडीताप घेऊन गावी परतला. मशीनवर प्लेटलेट ६८ हजार आल्या, हिवतापाचं कार्ड (झटपट चाचणीची पट्टी) निगेटिव्ह आलं, स्लाइडवरही काही दिसलं नाही, म्हणून रिपोर्टमध्ये 'हिवतापाचे जंतू नाहीत' असं लिहून दिलं. डेंगी धरून उपचार सुरू झाले. तिसऱ्या दिवशी बेळगावात स्लाइडवर व्हायवॅक्स (हिवतापाच्या परजीवीची एक जात) सापडला. ते लिहितात, 'रक्त सकाळी ट्यूबमध्ये घेतलं होतं, स्लाइड संध्याकाळी केली, लीशमन (रक्त रंगवायचा स्टेन) लावून पातळ थर बघितला. कुठं कमी पडलो? आणि अशा रुग्णाच्या रक्तात नेमकं काय काय बघायचं?'

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे: रक्त सकाळचं, स्लाइड संध्याकाळची.

ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये रक्त तासन्‌तास पडून राहिलं की परजीवीचं रूप बदलतं. व्हायवॅक्सचा वेडावाकडा पसरलेला ट्रोफोझॉइट (परजीवीचा वाढता टप्पा) आक्रसून गोल होतो, शुफनरचे ठिपके (बाधित लाल पेशीतले बारीक गुलाबी ठिपके) फिके पडतात, लाल पेशींच्या कडा सुरकुततात. फॅल्सिपॅरम या दुसऱ्या जातीची चंद्रकोरही (तिचं गॅमेटोसाइट, म्हणजे डासात पुढं जाणारं रूप) गोल व्हायला लागते. मग सरावलेल्या डोळ्यालाही ओळख पटत नाही आणि नवख्याला तो प्लेटलेटचा पुंजका वाटतो. म्हणून हिवतापाची शंका असेल तर बोटाला टोचून थेट स्लाइड करावी हे उत्तम. ट्यूबमधलंच रक्त वापरायचं असेल तर तासाभराच्या आत. जांबोटी-कणकुंबीकडून बेळगावला एस.टी.नं ट्यूब पाठवण्याची पद्धत मला माहीत आहे. ट्यूब खुशाल पाठवा, पण त्याच वेळी केलेल्या, वाळलेल्या दोन स्लाइड सोबत द्या. हिवतापापुरतं बोलायचं तर त्या ट्यूबपेक्षा या स्लाइडना जास्त किंमत आहे.

आणि औषधाआधी नमुना घ्या. हुडहुडी भरण्याची वाट बघत बसू नका. रुग्ण दारात आला की लगेच घ्या. गावातून येणाऱ्या माणसानं आधीच कुठल्या तरी दवाखान्यात दोन-चार गोळ्या घेतलेल्या असतात. त्यात हिवतापाची एखादी अर्धवट मात्रा असली तर परजीवी कमी होतात, पण जात नाहीत. हे विचारून वहीत लिहून ठेवायचं.

आता थराचं. तुम्ही फक्त पातळ थर बघितला, ही चुकलेली दुसरी जागा. जाड थरात लाल पेशी फोडून हिमोग्लोबिन धुऊन टाकलेलं असतं, थरावर थर असलेलं रक्त एका नजरेत येतं, त्यामुळं पातळ थराच्या तुलनेत वीसएक पट रक्त तपासून होतं. व्हायवॅक्स प्रामुख्यानं कोवळ्या लाल पेशींमध्ये, म्हणजे रेटिक्युलोसाइटमध्ये शिरतो. अशा पेशी रक्तात मुळातच शेकडा एक-दोन असतात, म्हणून व्हायवॅक्सची संख्या फारशी वाढत नाही. अशा रुग्णात पातळ थराची पाचपन्नास क्षेत्रं बघून 'नाही' म्हणणं धोक्याचं आहे. परजीवी आहे की नाही हे जाड थर सांगतो, कोणता आहे हे पातळ थर सांगतो. दोन्ही हवेत, एकाच काचेवर केले तरी चालतात.

करायचं असं. मोठ्या माणसाची डाव्या हाताची अनामिका, अगदी लहान बाळाची टाच. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसा. जाड थरासाठी साधारण ६ मायक्रोलिटर, पातळसाठी २. जाड थेंब दुसऱ्या काचेच्या कोपऱ्यानं गोल फिरवून सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत पसरा, फार घोटू नका. थर बरोबर झाला की नाही हे बघायला स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवा: रंगवण्याआधी खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. मजकूर दिसतच नसेल तर थर फार जाड आहे, धुताना निघून जाईल.

खानापूरच्या पावसाळ्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिकडच्या बिघडलेल्या स्लाइडचं निम्मं कारण हवा असते. जुलै-ऑगस्टमध्ये थर वाळतच नाही. सावकाश वाळणाऱ्या पातळ थरात लाल पेशींवर चमकणारी गोल छिद्रं उठतात, फोकस हलवला की ती लुकलुकतात. नवीन माणूस त्यांनाच अंगठी (परजीवीचं कोवळं, अंगठीसारखं रूप) समजतो. मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की तेही हवेतलं पाणी ओढतं आणि त्या मिथेनॉलनं फिक्स (काचेवर पक्क्या) केलेल्या थरावर अशीच छिद्रं येतात. तेव्हा मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत रोजच्यापुरतं काढा आणि झाकण घट्ट ठेवा. थर पंख्याखाली वाळवा. बल्बजवळ किंवा शेगडीच्या उबेला धरू नका: उष्णतेनं जाड थर आपोआप फिक्स होतो, मग लाल पेशी फुटत नाहीत आणि सगळा थर गढूळ निळा दिसतो. वाळत ठेवलेल्या स्लाइड झाका, मुंग्या, माश्या आणि झुरळं जाड थर अक्षरशः खाऊन टाकतात.

स्टेनबद्दल. लीशमन मिथेनॉलमध्ये केलेला असतो, त्यामुळं तो पडताक्षणी थर फिक्स करतो. पातळ थराला हे हवंच असतं. तोच सरळ जाड थरावर ओतला तर लाल पेशी जागच्या जागी गोठतात आणि थर वाचण्याजोगा राहत नाही. अनेक छोट्या लॅबमध्ये जाड थर 'जमत नाही' म्हणून सोडून दिला जातो, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. तुमच्याकडे लीशमनच असेल तर जाड थर आधी साध्या पाण्यात उभा ठेवा, लाल रंग निघून थर पांढुरका होऊ द्या, वाळवा, मग स्टेन करा. त्याहून चांगला गिम्सा हा स्टेन. पातळ थर मिथेनॉलमध्ये क्षणभर बुडवा, जाड थराला मिथेनॉलचा स्पर्शही नको, अगदी वाफसुद्धा. मग गिम्सा ३ टक्के, ३० ते ४५ मिनिटं. घाई असेल तर १० टक्के, ८ ते १० मिनिटं. मी स्वतः वेळ असेल तिथं ३ टक्केच वापरा म्हणेन, केंद्रक आणि ठिपके जास्त स्वच्छ उठतात. पातळ केलेला गिम्सा त्याच दिवशी संपवायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही. सरकारी हिवताप कार्यक्रमात जे.एस.बी. स्टेन चालत आला आहे. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी तो बसवला, आणि ढीगभर स्लाइड झटपट काढायला तो उत्तम आहे.

स्टेन कोणताही असो, खरी गोम पाण्यात असते. हिवतापासाठी पीएच ७.२ लागतो. रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीला वापरतात तो ६.८ चा बफर इथं लावला तर शुफनरचे ठिपके दिसेनासे होऊ शकतात, आणि मग व्हायवॅक्स ओळखण्याची मोठी खूण गेली. बोअरचं पाणी तर घेऊच नका. बफरच्या गोळ्या मिळतात, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर तारीख लिहा.

आता वाचन. शंभरचा ऑइल इमर्शन लेन्स, दुसरा कुठलाही नाही. चाळीसवर फक्त थर कुठं चांगला आहे ते शोधायचं. जाड थराची किमान १०० क्षेत्रं, आणि तुमच्या रुग्णासारखी दाट शंका असेल तर २०० क्षेत्रं बघितल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही. याला आठ-दहा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात. तुमच्याकडे दिवसाला पंचवीस रक्तं येत असतील तर प्रत्येकाला एवढा वेळ देणं जमणार नाही हे मान्य आहे. पण ताप, थंडी, प्रवास आणि कमी प्लेटलेट असं चारही एका माणसात असताना तो वेळ काढलाच पाहिजे. पावसात वीज जाते, म्हणून आरशाचा मायक्रोस्कोप टाकून देऊ नका. खिडकीच्या उजेडावर उत्तम वाचन होतं.

जाड थरात लाल केंद्रक आणि निळं जीवद्रव्य, दोन्ही दिसल्याशिवाय परजीवी म्हणू नका. नुसता लाल ठिपका बहुधा स्टेनचा गाळ असतो, आणि त्याचा फोकस पेशींच्या पातळीवर नसतो. प्लेटलेट जांभळट, दाणेदार, बाहेरून अस्पष्ट कडेची. पातळ थरात ती लाल पेशीवर बसली की भोवती फिकट वलय दिसतं आणि माणूस फसतो.

पातळ थरात आधी परजीवी नव्हे, लाल पेशी बघा. व्हायवॅक्सनं धरलेली पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी आणि फिकट होते, तिच्यात बारीक गुलाबी ठिपके उठतात, आत परजीवी अस्ताव्यस्त पसरलेला. पूर्ण वाढलेल्या शायझाँटमध्ये (फुटायला आलेल्या परजीवीत) १२ ते २४ मेरोझॉइट, म्हणजे नवे परजीवी. अंगठी, वाढलेला ट्रोफोझॉइट, शायझाँट, गॅमेटोसाइट असे सगळे टप्पे एकाच स्लाइडवर सापडू शकतात. फॅल्सिपॅरममध्ये पेशीचा आकार बदलत नाही. अंगठ्या नाजूक, कधी एका पेशीत दोन-तीन, कधी दोन केंद्रकांच्या, कधी पेशीच्या कडेला चिकटवल्यासारख्या. आणि जवळजवळ नुसत्या अंगठ्याच, कारण वाढलेले परजीवी मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटाच्या रक्तात येत नाहीत. म्हणूनच फॅल्सिपॅरमचा रुग्ण गंभीर असून स्लाइडवर मोजकेच परजीवी दिसू शकतात. एक नमुना निगेटिव्ह आला तर १२ ते २४ तासांनी दुसरा, मग तिसरा. तुमच्या रुग्णाचा दुसरा नमुना दुसऱ्या दिवशी घेतला असता तर निदान तुमच्याच लॅबमध्ये झालं असतं, असं मला वाटतं.

मोजणी. 'प्लस वन, प्लस टू' लिहिण्याचे दिवस संपले, डॉक्टरांना आकडा द्या. जाड थरात पांढऱ्या पेशी मोजत जा आणि सोबत परजीवी. २०० पांढऱ्या पेशींपर्यंत १०० किंवा जास्त परजीवी मिळाले तर तिथं थांबा, कमी मिळाले तर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा. परजीवींच्या संख्येला ८००० नं गुणून मोजलेल्या पांढऱ्या पेशींनी भागा. समजा ५०० पेशींना ११० परजीवी: म्हणजे मायक्रोलिटरला १७६०. पण ८००० हा गृहीत धरलेला आकडा आहे आणि हिवतापाच्या रुग्णात पांढऱ्या पेशी पुष्कळदा कमी असतात. मशीनवर त्या ४२०० आल्या असतील तर तोच हिशेब ९२४ होतो. तुमच्याकडे मशीन आहे, तर खरा आकडा वापरा आणि कोणता वापरला ते रिपोर्टमध्ये लिहा, म्हणजे पुढच्या स्लाइडशी तुलना करता येईल. फॅल्सिपॅरमच्या चंद्रकोरी या मोजणीत धरायच्या नाहीत, 'गॅमेटोसाइट आढळले' असं वेगळं लिहायचं.

परजीवी भरपूर असतील तर पातळ थरात टक्केवारी काढा. इथं मोजायच्या त्या बाधित पेशी, अंगठ्या नाहीत. एका पेशीत तीन अंगठ्या असल्या तरी पेशी एकच. भारतातल्या उपचार-नियमांत हिवताप कमी असलेल्या भागात ५ टक्क्यांच्या वर बाधित पेशी हे गंभीर आजाराचं लक्षण धरतात. बेळगाव जिल्हा कमी प्रमाणातलाच. असा आकडा दिसला की रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

पांढऱ्या पेशींकडे हिवतापात कोणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं. परजीवी हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा जे तपकिरी-काळं रंगद्रव्य उरतं ते मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गिळतात. या रंगद्रव्यानंच या आजाराच्या परजीवीचा शोध लागला: लॅव्हेरान १८८० मध्ये अल्जीरियात ते शोधत असताना त्यांना जिवंत परजीवी दिसला, आणि १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात परजीवी ओळखला तोही याच रंगद्रव्यावरून. गोळ्या घेऊन आलेल्या माणसाच्या रक्तात परजीवी सापडत नसतानाही मोनोसाइटमध्ये हे कण सापडू शकतात. पातळ थराच्या शेपटीकडच्या कडेला पांढऱ्या पेशी गोळा होतात, तिथं बघा. स्टेनचा गाळ पेशीच्या वर-बाहेर कुठंही असतो, हे कण मात्र पेशीच्या आत असतात. फॅल्सिपॅरममध्ये शंभरातल्या पाचाहून जास्त न्यूट्रोफिलमध्ये रंगद्रव्य असेल तर तो रुग्ण बिघडण्याची शक्यता जास्त, हे रिपोर्टमध्ये लिहिण्याजोगं आहे. हेच रंगद्रव्य काही मशीनना फसवतं: प्रकाशाच्या विखुरण्यावर पेशी ओळखणारं यंत्र रंगद्रव्य भरलेल्या न्यूट्रोफिलना इओसिनोफिल ही वेगळीच पांढरी पेशी समजतं. मशीन इओसिनोफिल वाढलेले दाखवतंय आणि स्लाइडवर ते नाहीत, असं दिसलं तर जाड थर करायला घ्या.

प्लेटलेट. आपल्याकडे प्लेटलेट लाखाखाली गेल्या की सगळं गाव डेंगी म्हणतं आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. हिवतापातही प्लेटलेट कमी होणं अगदी नेहमीचं आहे, व्हायवॅक्समध्येसुद्धा. बहुतेक रुग्णांत रक्तस्राव होत नाही आणि योग्य औषध सुरू झालं की काही दिवसांत आकडा वर येतो. ६८ हजार हा आकडा दोन्हीकडे बसतो. स्लाइडवर मोठ्या आकाराच्या, विचित्र दिसणाऱ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर असतील तर डेंगीकडे कल जातो, पण तेवढ्यावर निर्णय नको. मशीनचा आकडा खरा आहे का तेही बघा: ईडीटीएमुळं काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं. थराच्या शेपटीला पुंजके दिसले तर सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा मोजून आकड्याला १.१ नं गुणा. आणि आपल्या जंगलपट्ट्यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही खाली असतील तर माकडतापही मनात ठेवा. शेजारच्या दोडामार्ग आणि सत्तरीत तो येऊन गेला आहे. काजूच्या बागांत कामाला गेला होता का, माकडं मेलेली बघितली का, हे विचारा. भातशेतीत राबणाऱ्याच्या बाबतीत लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस). पण यातला कुठलाही आजार मनात आला म्हणून हिवतापाची स्लाइड टळत नाही.

कार्डाविषयी थोडक्यात. फॅल्सिपॅरमची रेघ एचआरपी-२ या प्रथिनावर येते, व्हायवॅक्सची परजीवीच्या एलडीएच या एन्झाइमवर. परजीवी मायक्रोलिटरला शे-दोनशेच्या खाली असले की कार्ड चुकू शकतं, व्हायवॅक्सची रेघ तर जास्तच. उन्हात उभ्या गाडीत राहिलेली कार्डं खराब होतात आणि ते बघून कळत नाही. उलट एचआरपी-२ उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून रुग्ण बरा झाला की नाही हे कार्डानं ठरवू नका, त्याला स्लाइडच लागते. रात्री-अपरात्री कार्ड मोलाचं आहे, पण त्याच्या 'निगेटिव्ह'वर विषय बंद करायचा नाही.

लाल पेशींचं अजून एक. हिवतापात फक्त बाधित पेशी फुटत नाहीत, बाधा नसलेल्याही पेशी प्लीहेत मोडल्या जातात आणि मज्जेतून नवीन पेशी लगेच येत नाहीत. त्यामुळं हिमोग्लोबिन परजीवींच्या संख्येच्या मानानं खूप जास्त उतरू शकतं. गंभीर फॅल्सिपॅरमसाठी शिरेतून आर्टेसुनेट घेऊन घरी आलेल्या काही रुग्णांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक पांडुरोग वाढतो. तेव्हा स्लाइडवर परजीवी नसतात आणि घरचे म्हणतात 'ताप तर नाही'. अशा माणसाचं हिमोग्लोबिन चार आठवडे अधूनमधून तपासायला डॉक्टरांना सुचवा.

व्हायवॅक्स निघाला की १४ दिवस प्रिमाक्विन येतं, यकृतात दडलेल्या परजीवीसाठी. लाल पेशीतलं जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसात त्यानं लाल पेशी फुटतात, म्हणून ती तपासणी तुमच्याकडे नसेल तर कुठं होते ते डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. लाल पेशी नुकत्याच मोठ्या प्रमाणावर फुटलेल्या असतील तर उरलेल्या कोवळ्या पेशींत हे एन्झाइम जास्त असतं आणि तपासणी खोटीच नॉर्मल येऊ शकते. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला हे औषध देत नाहीत, तेव्हा रिपोर्टवर वय आणि गरोदरपण लिहिलेलं असू द्या.

रिपोर्टमध्ये 'जंतू नाहीत' हे वाक्य पुन्हा लिहू नका. 'जाड थराची २०० क्षेत्रं बघितली, परजीवी आढळला नाही. ताप चालू राहिल्यास १२ ते २४ तासांत पुन्हा नमुना द्यावा' असं लिहा. सापडला तर जात, टप्पे, मायक्रोलिटरला संख्या, गॅमेटोसाइट, रंगद्रव्य आणि लाल पेशी-प्लेटलेटचं चित्र. आरोग्य केंद्राच्या वहीत माणसाचं नाव कन्नडात, तुमच्या वहीत मराठीत आणि रिपोर्टवर इंग्रजीत असतं, तिन्हीकडे थोडं थोडं वेगळं. म्हणून स्लाइडवर पेन्सिलीनं क्रमांक आणि तारीख टाका, तोच क्रमांक तिन्हीकडे जाऊ द्या, आणि पॉझिटिव्ह आला की प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. माणूस गोव्यातून किंवा मंगळूरहून आला असेल तर ते आवर्जून सांगा, त्यावर घरच्यांच्या आणि शेजारच्यांच्या स्लाइड घ्यायच्या की नाही ते ठरतं.

त्या रुग्णाची संध्याकाळी केलेली स्लाइड अजून तुमच्याकडे असेल तर टाकू नका. बेळगावातल्या लॅबला विनंती करून त्यांची पॉझिटिव्ह स्लाइडही मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आक्रसलेला परजीवी कसा दिसतो हे त्यावरून नीट लक्षात राहील.